प्रपोजलमधलं ‘अतूट नातं’ खोडा : खाडी, कोळी आणि तीन मजकूर

मागच्या महिन्यात स्वारगेटला एसटी स्टँडबाहेर एका ज्युनियरसोबत चहा घेत उभी होते. तिला ठाण्याची बस पकडायची होती आणि मला तिचं सिनॉप्सिस वाचून परत द्यायचं होतं. विषय असा होता : ‘पारंपरिक मच्छीमार आणि खारफुटीच्या नदीशी त्यांचे अतूट नाते : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. मी ‘अतूट नाते’ या दोन शब्दांभोवती पेनने गोल केला आणि विचारलं, “हे तू दाखवणार कसं?” ती म्हणाली, “ताई, सगळेच असं लिहितात ना.” तेवढ्यात बस लागली आणि ती गेली.

तिचं खोटं नव्हतं. सगळेच लिहितात. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्येही ‘निसर्गाशी असलेले जैविक नाते’ होतं आणि गाइडनी त्यावर काहीही शेरा मारला नव्हता. म्हणून हा लेख. पेट दिलेल्या, नेट-सेटची तयारी करणाऱ्या, किंवा ‘कोस्टल कम्युनिटी’वर काहीतरी करायचं असं डोक्यात असलेल्या तुमच्यासारख्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे : ‘नातं’ हा शब्द जिथे येतो, तिथे बहुतेक वेळा आपण काम, वेळ आणि हक्क या तीन गोष्टी लिहायच्या टाळलेल्या असतात. आणि त्या टाळल्या की नुकसान आपल्या थिसिसचं कमी आणि त्या माणसांचं जास्त होतं. का, ते तीन मजकूर वाचून बघू : एक पुस्तक, एक शोधनिबंध आणि एक निकालपत्र.

त्याआधी माझी स्वतःची चूक सांगते. म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये हे तुम्हाला कळेल.

भांगाच्या दिवशीचं फील्डवर्क

पुण्यात बसून किनाऱ्यावर संशोधन करणं तसं विचित्रच. आपण सह्याद्रीच्या अलीकडच्या बाजूला. आपल्या मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. खारफुटी त्याला भेटते ती थेट आंध्रात, कृष्णेच्या मुखाशी. कोकणातल्या नद्या उलट दिशेला, काही तासांत समुद्राला मिळणाऱ्या. त्यामुळे भरती-ओहोटी हा आपल्या रोजच्या जगण्याचा भाग नाही, आणि ही गोष्ट मी पहिल्याच फील्ड व्हिजिटला विसरले.

ठाणे खाडीच्या काठच्या एका कोळीवाड्यात मी गेले होते. सकाळचे दहा वाजले होते. होड्या चिखलात कललेल्या, जाळी दोरीवर, पुरुष पत्ते खेळत बसलेले. मी नोंदवहीत ताबडतोब लिहिलं, ‘मासेमारी जवळजवळ थांबलेली दिसते.’ शेजारी जाळ्याला टाके घालत बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “काय लिवतेस गो बाय?” मी वाचून दाखवलं. त्या हसल्या. “आज भांग हाय. पानी चालत नाय, जालं टाकून काय करू? पुनवेला ये.”

मी मुहूर्त बघून गेले नव्हते, सुट्टी बघून गेले होते. तिथी निघाली अष्टमी.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी आणि ओहोटी सर्वांत खोल, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी, ओढ मंद, तो भांग. खाडीतली जुनी मासेमारी बरीचशी डोल जाळ्यासारख्या अडकवून ठेवायच्या जाळ्यांवर चालते. लांब पिशवीसारखं जाळं, तोंड पाण्याच्या ओढीकडे करून खुंटांना बांधलेलं. ते ओढायला इंजिन लागत नाही, पाणीच मासा आणून आत घालतं. पाणी पळालं नाही तर जाळं लोंबकळत राहतं. म्हणजे महिन्यात दोनदा काम जोरात आणि दोनदा ढिलं, हे त्या धंद्याचं वेळापत्रकच आहे.

मी पौर्णिमेला परत गेले. तेव्हा माझ्याशी बोलायला कोणालाच वेळ नव्हता. पुरुष पाण्यावर, बायका मासळी निवडण्यात आणि बाजार गाठायच्या घाईत. दोन दिवसांत एकही मुलाखत झाली नाही.

इथे थांबा आणि हा मुद्दा वहीत लिहून घ्या, कारण मेथडॉलॉजीच्या पुस्तकात तो सापडणार नाही. लोक मोकळे असतात तेव्हा मुलाखत होते. मोकळे असतात ते भांगाला. म्हणजे आपण जर तिथी न बघता ‘सोयीनुसार’ मुलाखती घेतल्या, तर आपला डेटा मुख्यतः भांगाच्या दिवसांचा असतो. आणि रिकाम्या होडीशेजारी बसलेला माणूस काय सांगणार? पूर्वी किती मासा होता ते. आठवणी, हळहळ, देव, सण. ते खोटं नसतं, पण अर्धंच असतं. ‘नातं’ या शब्दाचा जन्म मला वाटतं याच दुपारी होतो.

पहिला मजकूर : पाणी आहे, पाळी नाही

अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचं ‘सोक : मुंबई इन ॲन एस्च्युअरी’ हे पुस्तक २००९ मध्ये आलं. त्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शनही झालं. निमित्त होतं २६ जुलै २००५ चा पाऊस. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठी नदी शहरात शिरली होती. निदान सगळ्यांचं म्हणणं तसं होतं.

लेखकांनी हे म्हणणंच उलटं केलं. नदी शहरात शिरली असं वाटतं कारण नकाशावर आपण जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ मारून ठेवली आहे. ती रेघ कोरड्या ऋतूत मोजणी करणाऱ्यांनी काढलेली. मुंबई खरं तर नदीमुखात वसलेली आहे. तिथे पाणी वर्षातून आणि दिवसातून जागा बदलतं. त्यामुळे पाण्याला बाहेर ढकलण्याऐवजी मुरू देणारं, सामावून घेणारं शहर आखायला हवं. हे पुस्तक माझ्या पिढीच्या अनेक विद्यार्थ्यांसाठी डोळे उघडणारं ठरलं, माझ्यासाठीही. पूर हा नकाशाच्या भाषेतून कसा तयार होतो हे इतकं स्पष्ट मी आधी कुठे वाचलं नव्हतं.

शिवाय त्यानंतर काय झालं तेही बघा. मिठीसाठी २००५ मध्येच प्राधिकरण नेमलं गेलं, नदी रुंद-खोल केली गेली आणि दोन्ही काठांना लांबलचक भिंती बांधल्या गेल्या. म्हणजे शहराने ती रेघ सिमेंटमध्ये पक्की केली. पुस्तकाचं निदान बरोबर होतं असं म्हणायला हे पुरेसं आहे.

तरी माझी तक्रार आहे. पुस्तकात पाणी नायक आहे. त्याला गती आहे, स्मृती आहे, स्वभाव आहे. त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाची पाळी मात्र त्यात शोधावी लागते. पाळी म्हणजे कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या खुंटाला कोण जाळं बांधणार आणि भांडण झालं तर कोण सोडवणार. ‘सामावून घेणारं शहर’ ही कल्पना सुंदर आहे. पण सामावून घ्यायची जागा कोणाच्या मालकीची, आणि मुरणाऱ्या पाण्याबरोबर येणारं सांडपाणी कोणाच्या जाळ्यात अडकणार, हे प्रश्न आराखड्याच्या कागदावर मागे राहतात. मिठीच्या तोंडाशी माहीमचा कोळीवाडा आहे. त्याच्या दृष्टीने जमीन-पाण्याची रेघ धूसर करणं ही नवी कल्पना नाही, तो रोजचा धंदा आहे. मात्र त्या धंद्याचं ज्ञान पुस्तकाच्या युक्तिवादाला पुरावा म्हणून उभं राहत नाही.

एक उदाहरण देते. कोकण किनाऱ्यावर जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढायचा एक हिशोब असतो : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं घ्या आणि मुंबईच्या वेळा ताडून बघा, थोड्याफार मिनिटांच्या फरकाने जुळतं. खाडीत आत आत गेलं की उशीर होतो, आणि किती उशीर होतो तेही त्या त्या गावाला पाठ असतं. हा हिशोब म्हणजे ‘नातं’ नव्हे. हे तपासता येणारं ज्ञान आहे. तुमच्या थिसिसमध्ये ते भावनेच्या प्रकरणात टाकलंत तर परीक्षक मान डोलावतील आणि विसरून जातील. तेच कोष्टकाशेजारी मांडलंत तर त्यांना त्यावर बोलावं लागेल.

दुसरा मजकूर : हक्क आहे, नियम शोधायचे आहेत

आयआयटी मुंबईचे समाजशास्त्रज्ञ डी. पार्थसारथी यांचा एक लेख डिसेंबर २०११ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. महानगरातले शिकारी, वेचून खाणारे आणि मासेमार हा त्याचा विषय. खाजगी आणि सार्वजनिक म्हणून नोंदलेल्या जागा ही माणसं वापरातून सामायिक कशा करतात, अशी त्याची मांडणी आहे.

पहिल्या पुस्तकानंतर हा लेख वाचावा, असा माझा आग्रह आहे. कारण इथे एक क्रियापद मिळतं. सामायिक जमीन ‘असते’ असं न म्हणता लोक ती ‘करतात’, असं लेख सांगतो. फरक मोठा आहे. ‘असते’ म्हटलं की सातबाऱ्यावर नाव शोधायचं, नाव नसेल तर विषय संपला. ‘करतात’ म्हटलं की कोण, कधी, कसं हे विचारता येतं. विकास आराखड्यात ‘पडीक’ किंवा ‘दलदल’ म्हणून दाखवलेली खाजणं कोणाच्या तरी वापरातून जिवंत असतात, हे त्यातून दिसतं. शहरात राहून कोणी निसर्गावर जगतं, हेच अनेक नियोजनकारांना पटत नाही. त्या अंधत्वावर हा लेख नेमकं बोट ठेवतो.

पण आपण हा लेख वापरतो कसा? गेल्या दोन वर्षांत मी वाचलेल्या सिनॉप्सिसांमध्ये तो कंसात एक नाव आणि एक साल म्हणून येतो. ‘खाडी ही सामूहिक संसाधन आहे’ एवढ्या वाक्याला आधार म्हणून. पुढच्याच ओळीत पुन्हा ‘अतूट नाते’. यात दोष लेखाचा कमी आणि आपल्या उद्धृत करण्याच्या सवयीचा जास्त. लेख दार उघडून देतो, आत जाऊन मोजायचं काम आपलं. सामायिक म्हणजे सगळ्यांची असं नसतं. सामायिकतेला कुंपण नसलं तरी नियम असतात. जाळ्याची जागा वारसाने मिळते का? बाहेरून आलेल्याला पाग टाकून मासे धरायला हरकत घेतात का? चिंबोऱ्या पकडणारे आणि डोल लावणारे एकमेकांच्या वाटेत येतात का? चिखलात निवट्या आणि कालवं वेचणाऱ्या बायकांची जागा पंचांच्या बोलण्यात कधी येते का? हे लिहिलं नाही तर ‘सामूहिक’ हा शब्दही ‘नात्या’सारखाच गुळगुळीत होतो.

तिसरा मजकूर : पुण्यात दिलेला निकाल

तिसरा मजकूर पुण्यातला आहे. स्वारगेटपासून काही किलोमीटरवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ बसतं. ठाणे खाडी जिथे मुंबई बंदरात उघडते, तिथे पूर्वेच्या काठावर उरण आहे. उरण परिसरातले पारंपरिक मच्छीमार ‘पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समिती’च्या वतीने या खंडपीठापुढे आले. बंदराचा विस्तार, भराव, खारफुटीचा नाश, भरतीच्या पाण्याच्या आणि होड्यांच्या वाटा अडणं, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने आदेश दिला : जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी.

निकालपत्र हे संशोधनाचं साहित्य नाही असं समजू नका. मी तर म्हणेन, या विषयावर थिसिस लिहिणाऱ्याने दहा शोधनिबंधांच्या आधी एक निकालपत्र वाचावं. तिथे प्रत्येक विशेषणाची किंमत मोजावी लागते. ‘आमचं खाडीशी अतूट नातं आहे’ हे वाक्य न्यायाधिकरणापुढे काहीच करत नाही. तिथे दाखवावं लागतं की आम्ही इथे मासेमारी करत होतो, पाणी या वाटेने येत होतं, ती वाट अमुक कामामुळे बंद झाली आणि त्यामुळे आमचं इतकं उत्पन्न गेलं. म्हणजे वापर, कारण, हानी आणि दावेदार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १५ मध्ये भरपाईसोबतच पर्यावरण पूर्ववत करण्याचीही तरतूद आहे. ते मागायचं तर ‘पूर्ववत’ म्हणजे नक्की कसं, हे सांगता आलं पाहिजे. पाणी किती आत येत होतं, कोणत्या तिथीला, कोणत्या नाळेतून? जे समाजशास्त्राच्या प्रपोजलमध्ये आपण टाळतो, ते या लोकांना जगण्यासाठी सिद्ध करावं लागलं.

म्हणून तिन्हींत हा मजकूर मला सर्वांत गांभीर्याने घ्यावासा वाटतो. पण टीका त्याच्यावरही करायची.

साधा भागाकार करा. ९५ कोटी १९ लाख भागिले १,६३० : कुटुंबामागे साधारण ५ लाख ८४ हजार. मोजण्याचं एकक कुटुंब आहे. कुटुंब म्हटलं की व्यवहारात नाव बहुधा पुरुषाचं लागतं. चिखलात उतरून कालवं फोडणारी, टोपली घेऊन दारोदार विकणारी बाई त्या एककात विरघळते. तिचं काम होडीच्या कामापेक्षा वेगळं, तिची जागा वेगळी (खोल पाणी नव्हे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल), त्यामुळे तिचं नुकसानही वेगळं आणि वेगळ्या वेळी झालेलं. भराव पडतो तो आधी उथळ जागेवर. म्हणजे तिची जागा आधी जाते. ‘कुटुंब’ या एककात हा क्रम दिसत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. भरपाई म्हणजे ठरावीक काळाच्या उत्पन्नाचा हिशोब आणि मग विषय बंद. खाडीचं काम मात्र पंधरवड्याने फिरत राहणारं आहे आणि ते पुढच्या पिढीला शिकवून चालू राहतं. तिथीची पाऊणपट करून ज्याला उतरायला पाणीच उरलं नाही, त्याचा तो हिशोब एका पिढीत विसरला जातो. त्याची किंमत त्या ५ लाख ८४ हजारांत कुठे धरायची? न्यायाधिकरणाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातातलं माप तेवढंच. पण संशोधकाच्या हातात दुसरं माप असू शकतं, आणि आपण ते न वापरता ‘नातं’ लिहून मोकळे होतो, हा माझा राग आहे.

झाडाशी नातं की पाण्याशी?

आता सर्वांत अडचणीचा भाग. आपल्या प्रपोजलमध्ये कोळी आणि खारफुटी कायम एका बाजूला असतात आणि समोर बिल्डर. बऱ्याच ठिकाणी हे खरंच आहे. उरणचं प्रकरण तसंच आहे. खारफुटीच्या मुळांमध्ये कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, हे शास्त्रही सांगतं आणि कोळीही सांगतो.

पण ठाणे खाडीच्या वरच्या भागात जा. तिथे गाळ साचून खाडी उथळ झाली, आणि नव्या गाळावर तिवरांची झाडं पसरली. जुन्या माणसांची तक्रार तुम्हाला ऐकायला मिळेल की तिवरं वाढली आणि आमच्या नाळा बुजल्या, होडी धक्क्याला लागत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गोंधळले. ‘निसर्गप्रेमी’ कोळी झाडाविरुद्ध कसा बोलतो? मी ती टिपणं बाजूलाच ठेवली होती, कारण ती माझ्या प्रकरणात बसत नव्हती. न बसणारी टिपणं बाजूला ठेवावीशी वाटणं, ही संशोधनातली धोक्याची घंटा समजा.

त्यांचं म्हणणं नीट ऐकलं की कळतं : त्यांचा संबंध झाडाशी आहे त्याहून जास्त चालत्या पाण्याशी आहे. झाड पाण्याच्या वाटेच्या कडेला असेल तर सोबती, वाटेत आलं तर अडथळा. आणि झाड वाटेत आलं कारण वरून गाळ, डेब्रिज आणि सांडपाणी आलं. मूळ तक्रार त्याची आहे.

कायदा आणि आकडेवारी मात्र झाडाभोवती बांधलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीतोडीवर राज्यभर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. हा आदेश नसता तर मुंबईच्या खाड्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष सुरू केला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातली खारफुटी २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होती, २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत ८२ ची वाढ. आकडा आनंदाचा आहे, पण तो वरून दिसणारा हिरवा रंग मोजतो. खाली पाणी वाहतंय का, नाळ उघडी आहे का, मासा येतो का, हे त्यात नाही. ती वाढ निरोगी खाडीत झाली की मरत्या खाडीच्या गाळावर, हेही नाही.

तसंच २०१५ हे साल बघा. फेब्रुवारीत उरणच्या मच्छीमारांच्या नुकसानीचा निकाल. ऑगस्टमध्ये त्याच बंदराला मिळणाऱ्या ठाणे खाडीच्या वरच्या भागात फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एकाच पाण्याच्या दोन नोंदी : एका कागदावर धंद्याचं नुकसान, दुसऱ्यावर पक्ष्यांचं घर. दोन्ही खऱ्या आहेत. तुमचं संशोधन यातल्या एकाच कागदावर उभं असेल, तर दुसरा टेबलावर ठेवून मगच लिहायला बसा.

आणि म्हणूनच ‘नातं’ या शब्दाचा धोका. कोळ्याचं खारफुटीशी अतूट नातं आहे असं आपण वीस थिसिसांमध्ये लिहून ठेवलं, तर उद्या तोच माणूस “नाळ मोकळी करा” म्हणत उभा राहिला की त्याला निसर्गाचा शत्रू ठरवायला आपलाच थिसिस वापरता येईल.

मग लिहायचं काय?

‘नातं’ खोडा आणि त्या जागी हे प्रश्न ठेवा. सगळ्यांची उत्तरं मिळणार नाहीत, पण तीन मिळाली तरी प्रकरण उभं राहतं.

१. कोणत्या पाण्यात? खाडी, नाळ, खाजण, उघडा चिखल यांत फरक करा. ‘नदी’ हा शब्द तिथली माणसं वापरतात का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला ‘खाडी’ ऐकू येईल, आणि दोन शब्दांमध्ये सरकारी जबाबदारीही बदलते.

२. कधी? प्रत्येक मुलाखतीच्या वरच्या कोपऱ्यात तारखेसोबत तिथी लिहा. उधाणाच्या दिवशी मुलाखत मागू नका. मासळी निवडायला बसा आणि बघा.

३. कशाने? जाळ्याचं नाव, आसाचं माप, ते कोण विणतं, किती वर्षं टिकतं.

४. कोणाच्या परवानगीने? जागेचे नियम, भांडणं, तडजोडी.

५. काय बदललं आणि कशामुळे? ‘प्रदूषणामुळे’ हे उत्तर पुरेसं नाही. पाणी अडलं, उथळ झालं, तापलं की घाण झालं? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि जबाबदार वेगळा.

कोणी म्हणेल, मग भावनांचं काय? एकवीरेची जत्रा, नारळी पौर्णिमा, होडीला घातलेला हार, हे सगळं सोडून द्यायचं? नाही. पण नारळी पौर्णिमेकडेच बघा. ती पावसाळी बंदीनंतर पुन्हा समुद्रावर जायच्या वेळेशी बांधलेली आहे. म्हणजे सणसुद्धा कामाच्या वेळापत्रकातच बसलेला आहे. भावना लिहा, फक्त ती कोणत्या कामाला चिकटलेली आहे तेही लिहा.

ज्युनियरचं पुढे काय झालं ते सांगते. ठाण्याला जाताना बसमधून तिला खाडीचा पूल लागला. तिने फोटो पाठवला : हिरवी खारफुटी, मधे राखाडी पाणी. खाली लिहिलं होतं, ‘ताई, एकही होडी नाहीये.’ मी पंचांग बघितलं आणि उत्तर दिलं, ‘आज नवमी आहे. आणि पाऊणपट केलीस तर भरतीला अजून दोन तास आहेत.’

गेल्या आठवड्यात तिचं नवीन शीर्षक आलं : ‘ठाणे खाडीतील डोल जाळ्यांच्या जागा : वापर, नियम आणि गाळ’. ऐकायला रूक्ष आहे, हे तिलाही मान्य आहे. गाइडना अजून आवडलेलं नाही. ते म्हणाले, विषयात ‘समाज’ कुठे आहे? तिने उत्तर काय द्यावं यावर आम्ही अजून बोलतोय. तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा. तुमच्या प्रपोजलमध्येही ‘नातं’ असेल तर ते वाक्य तसंच पाठवा, पुढच्या वेळी त्यातली दोन-तीन घेऊन खोडून बघू.